एकदां टोचलें, मग पुन्हां कशाला?

गेल्या अंकांतील आमचा लेख वाचून एका भगिनींनीं आम्हांस पत्र पाठविलें आहे. त्यांचें कुटुंब मोठें. एका छपराखालीं चार पिढ्या नांदतात. पावसाळा तोंडावर आला कीं त्यांच्या घरीं एक वाद ठरलेला असतो. तरुण मंडळी म्हणतात, इन्फ्लुएंझाची लस सर्वांनीं टोचून घ्यावी. वडील मंडळी म्हणतात, ती तर गेल्या वर्षींच घेतली आहे. "आमच्या लहानपणीं देवी एकदां काढल्या कीं काम भागे. मग ही दरसालची सुई कशाला? लस कच्ची, कीं शरीर विसराळू?" असा त्यांच्या सासऱ्यांचा रोकडा सवाल आहे, व त्याचें उत्तर आम्हीं ह्या सदरांतून द्यावें अशी त्यांची इच्छा आहे.

पत्र वाचून आम्ही अंमळ ओशाळलों. कारण हाच सवाल, जवळजवळ ह्याच शब्दांत, दोन वर्षांपूर्वीं आम्हीं आमच्या घरीं केला होता, आणि उत्तराची वाट न पाहतां निकालहि देऊन टाकला होता. त्या निकालाची किंमत आम्हांस नव्हे, आमच्या वडील वहिनींस मोजावी लागली. ती हकीकत पुढें येईलच. आधीं सवालाचा विचार करूं. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि वैद्यक हा तर आमचा विषयच नव्हे. परंतु आमच्या धाकट्या बंधूंची कन्या सूक्ष्मजंतुशास्त्र शिकलेली आहे. तिच्यापाशीं बसून, शंका काढकाढून, जें समजलें तेंच येथें मांडतों.

प्रथम हें स्पष्ट केलें पाहिजे कीं शरीर विसराळू नाहीं. त्याची स्मृति कधीं कधीं थक्क करणारी असते. अटलांटिक महासागराच्या उत्तर भागांत फॅरो नांवाचीं लहानशीं बेटें आहेत. १७८१ सालीं तेथें गोवराची साथ आली व ओसरली; पुढें पासष्ट वर्षें गोवर त्या बेटांकडे फिरकला नाहीं. १८४६ सालीं तो पुन्हां आला, तेव्हां पावणेआठ हजारांच्या वस्तींतील सुमारें सहा हजार माणसें आजारी पडलीं. साथीची पाहणी करण्यासाठीं डेन्मार्कच्या सरकारनें पीटर पानुम नांवाचा एक पंचविशींतला डॉक्टर धाडला. गांवोगांव हिंडतांना त्याला असें आढळलें कीं, ज्या वृद्धांस १७८१ सालीं बालपणीं गोवर येऊन गेला होता, त्यांच्यापैकीं एकासहि तो दुसऱ्यानें आला नाहीं. पासष्ट वर्षें शरीरानें त्या रोगाचें तोंड पाहिलें नव्हतें, तरी ओळख पुसली गेली नव्हती. गोवर जन्मांत एकदांच, असें आपल्या घरांतील आज्या म्हणत, त्याचाच हा पुरावा होय.

देवीचीहि गोष्ट अशीच. एडवर्ड जेन्नर ह्यानें १७९६ सालीं गायीच्या देवीची लस टोचण्याचा प्रयोग केला. आणि अवघ्या सहा वर्षांनीं, १४ जून १८०२ रोजीं, ती लस मुंबईस एका तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यांत आली. हिंदुस्थानांत ही लस प्रथम लाभली ती ह्या मुलीस. पुढें १९८० सालीं देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. जवळजवळ दोन शतकें एकाच तऱ्हेच्या लशीनें काम दिलें. मोठेपणीं देवी पुन्हां काढीत हें खरें. पण तें शरीराची स्मृति फिकी पडूं नये म्हणून. रोगानें वेष पालटला म्हणून नव्हे.

वेष पालटणें ही इन्फ्लुएंझाची विद्या आहे. ती समजण्यासाठीं आमच्या जुन्या व्यवसायांतील एक दृष्टांत घेतों. वेदपाठी ब्राह्मण मंत्र मुखोद्गत करतो तो एकाच परीनें नव्हे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा अनेक परींनीं तो तीच पदें फिरवून फिरवून म्हणतो. एका परींत मात्रा चुकली तर दुसऱ्या परींत ती पकडली जाते. त्यामुळें हजारों वर्षें अक्षर हाललें नाहीं. उलट, एखाद्या लोकप्रिय पोथीची गोष्ट पाहा. गांवोगांवचे लेखक तिच्या नक्कला करतात. कोणाचा डोळा चुकतो, कोणाचा कान, कोणाचें बोरू घसरतें. दोनशें वर्षांनीं पन्नास प्रती समोर मांडल्या तर पानोपानीं पाठभेद सांपडतात.

देवीचा विषाणु हा वेदपाठ्यासारखा. आपली नक्कल करतांना तो चुका तपासून घेतो व फारसा बदलत नाहीं. इन्फ्लुएंझाचा विषाणु हा घाईच्या लेखकासारखा. तो शरीराच्या पेशींत शिरून कांहीं तासांत आपल्या हजारों नक्कला काढतो, आणि लिहिलेलें पुन्हां वाचून पाहण्याची सोय त्याच्यापाशीं नाहीं. पुष्कळशा चुकलेल्या प्रती निकामी ठरतात. परंतु एखादी चूक अशी पडते कीं विषाणूच्या पृष्ठभागावरील ज्या खुणेनें शरीर त्याला ओळखीत होतें, ती खूणच थोडीशी बदलते. ती प्रत ओळखली जात नाहीं, म्हणून तीच वाढते व पसरते. गोवराचा विषाणुहि नक्कल करण्यांत फारसा दक्ष नाहीं. परंतु ज्या अवयवांनीं तो पेशीचें दार उघडतो ते त्यानें पालटले तर दारच उघडत नाहीं. म्हणून त्याचा पाठ आपल्यापुरता स्थिर राहतो. इन्फ्लुएंझाच्या खुणेचा वरचा भाग मात्र पुष्कळ बदलला तरी त्याचें काम अडत नाहीं.

हा झाला सावकाश होणारा पालट. दुसरा एक पालट एकाएकीं होतो, व तो फार घातक ठरतो. इन्फ्लुएंझाची सारी संहिता एका सलग पत्रावर नसून आठ सुट्या तुकड्यांवर लिहिलेली असते. पक्ष्यांचा एक विषाणु व माणसांचा एक विषाणु, किंवा डुकरांतले दोन निराळे विषाणु, एकाच प्राण्याच्या एकाच पेशींत शिरले, कीं दोन पोथ्यांचीं सुटीं पानें एकांत एक मिसळावीं तसें होतें, आणि बाहेर पडते ती तिसरीच पोथी. १९५७ व १९६८ सालच्या जागतिक साथी अशाच मिसळीपासून उद्भवल्या. २००९ सालची साथहि अशीच मिसळीची. त्या सालच्या ऑगस्टांत पुण्यांत शाळा बंद झाल्या, रस्त्यांत जो तो तोंडावर फडकें बांधून चालूं लागला, हें आमच्या पुष्कळ वाचकांस आठवत असेल. त्याहून भयंकर साथ १९१८ सालची. ती मुंबईच्या बंदरांतून देशभर पसरली व हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें घेऊन गेली.

आतां प्रश्न असा कीं, शत्रु इतकीं रूपें पालटतो तर शरीर तग धरतें कसें? पूर्वीं न पाहिलेल्या जंतूला उत्तर तें कोठून आणतें?

रक्तांत एक जातीचीं प्रथिनें असतात. त्यांना प्रतिद्रव्यें म्हणतात. प्रत्येकाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, व वरच्या दोन टोकांनीं तें जंतूवरील खुणेला घट्ट धरतें. खूण निराळी तर टोकांची घडणहि निराळी लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुष्कळ शास्त्रज्ञांची अशी समजूत होती कीं जंतु आला म्हणजे शरीर त्याच्यावर प्रतिद्रव्याचा ठसा उठवून घेत असावें. १९५७ सालीं ऑस्ट्रेलियांतील फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट ह्या शास्त्रज्ञानें निराळाच विचार मांडला, व तोच पुढें खरा ठरला. शरीर जंतु आल्यावर उत्तर बनवावयास बसत नाहीं. उत्तरें आधींच तयार असतात. निरनिराळ्या घडणीचीं प्रतिद्रव्यें बाळगणाऱ्या असंख्य पेशी रक्तांत सतत फिरत असतात. एका पेशीपाशीं एकच घडण. जंतु आला कीं ज्या पेशीची घडण त्याला जुळते ती तेवढी निवडली जाते, व तिची संतति झपाट्यानें वाढते.

पण एवढीं उत्तरें आधींच तयार तरी कशीं व्हावीं? माणसाच्या देहांत प्रथिनें घडविणारीं जनुकें सारीं मिळून वीस हजारांच्या आसपास, आणि प्रतिद्रव्यांच्या घडणी अब्जावधि! येथें आमच्या पुतणीनें कागदावर तीन रांगा काढून दाखविल्या, आणि आम्हांस एकदम आमचा वर्गच आठवला. "हृ" ह्या एका धातूला निरनिराळे उपसर्ग लावून आम्ही मुलांकडून आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार, उपहार असे शब्द घडवून घेत असूं. मूठभर उपसर्ग, दोन हजारांच्या आसपास धातु, कांहीं प्रत्यय. आणि त्यांतून शब्दांचा सागर! शरीर नेमकें हेंच करतें. प्रतिद्रव्याच्या मोठ्या साखळीसाठीं जनुकांच्या तुकड्यांच्या तीन रांगा असतात. पहिलींत सुमारें चाळीस, दुसरींत विसांहून कांहीं अधिक, तिसरींत सहा. प्रत्येक नवी पेशी प्रत्येक रांगेंतून एकेक तुकडा उचलते व तिन्ही जोडते. लहान साखळीचीहि अशीच निवड होते. शिवाय सांध्यापाशीं कांहीं अक्षरें जातात व कांहीं नवीं घातलीं जातात, जणूं संधीचे नियम दर खेपेस नवे. ह्या तऱ्हेनें थोड्या सामग्रींतून अपार विविधता उत्पन्न होते. स्वतःच्याच देहावर उठणाऱ्या पेशी बहुधा आधींच बाद केल्या जातात; बाकीच्या पहाऱ्यावर राहतात. हें जनुकांचें जोडकाम जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा ह्यांनीं स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें काम करीत असतां १९७६ सालीं दाखवून दिलें, व १९८७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु तयार शब्द जंतूला अगदीं चपखल बसतोच असें नाहीं. बहुधा तो कामचलाऊच असतो. पुढील संस्कार होतो तो लसिकाग्रंथींत. पायाची जखम चिघळली कीं जांघेंत अवधाण येतें, घसा धरला कीं जबड्याखालीं गांठी हाताला लागतात, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या गांठींत त्या वेळीं एक परीक्षाच चाललेली असते. निवडलेल्या पेशी तेथें भराभर द्विगुणित होतात, आणि तसें होतांना प्रतिद्रव्याच्या टोकांचीं जेवढीं अक्षरें असतात, तेवढ्यांतच मुद्दाम चुका करतात. देहांत एरवीं होणाऱ्या चुकांच्या मानानें ह्या चुका सुमारें दहा लक्ष पट अधिक. त्या घडवून आणणारें द्रव्य क्योटोच्या तासुकु होंजो ह्यांच्या प्रयोगशाळेनें १९९९ सालीं उजेडांत आणलें. मग ज्या पेशीचा नवा पाठ जंतूच्या खुणेला पूर्वींपेक्षां घट्ट बसतो, तिला साहाय्यक पेशींकडून जगण्याचा हुकूम मिळतो. इतर मरून जातात. उरलेलीं पुन्हां वाढतात, पुन्हां चुकतात, पुन्हां पारखलीं जातात. कांहीं आठवड्यांत कामचलाऊ शब्दाचा नेमका शब्द होतो.

आम्हीं सारी हयात लाल शाईनें चुका खोडण्यांत घालविली. शरीर चुका करूनच सुधारतें हें ऐकून आम्ही कांहीं वेळ स्वस्थ बसलों. विषाणु पाठभेदानें निसटतो, आणि शरीरहि पाठभेदानेंच त्याला गांठतें. फरक इतकाच कीं विषाणूच्या चुका आंधळेपणानें सर्वत्र पडतात, व शरीर त्या नेमक्या जागीं पाडून लगेच पारखून घेतें.

परीक्षा संपल्यावर उत्तीर्ण पेशींपैकीं कांहीं हाडांच्या मगजांत जाऊन वर्षानुवर्षें प्रतिद्रव्यें स्रवत बसतात, आणि कांहीं स्मृतिपेशी म्हणून राहतात. ह्या स्मृतिपेशींत एक सुज्ञता आहे. त्या साऱ्या एकाच सांच्याच्या नसतात. आलेल्या जंतूला अगदीं चपखल न बसणाऱ्या, परंतु त्याच्या भावंडांना बसूं शकतील अशाहि घडणी त्यांत शिल्लक ठेविलेल्या असतात. नोव्हेंबर २०२१ मध्यें कोविडचें ओमायक्रॉन नांवाचें पुष्कळ बदललेलें रूप आढळलें. मूळ विषाणूवरून बनविलेल्या लशीच्या तीन मात्रा ज्यांनीं घेतल्या होत्या, त्यांच्यांतील कित्येकांच्या स्मृतिपेशी त्या नव्या रूपालाहि धरूं शकत होत्या, असें तपासांत दिसून आलें. शिवाय दुसऱ्या जातीच्या कांहीं पेशी विषाणूच्या आंतील भागांवरून त्याला ओळखतात. तो भाग तितका बदलत नाहीं. म्हणून वेष पालटलेला रोग घरांत शिरला तरी पुष्कळदां तो जीवघेणा ठरत नाहीं.

स्मृति किती टिकते ह्याचा आणखी एक दाखला सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९१५ सालीं वा त्यापूर्वीं जन्मलेल्या, म्हणजे १९१८ ची साथ बालपणीं पाहिलेल्या, बत्तीस वृद्धांचें रक्त अमेरिकेंत तपासण्यांत आलें. तो वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. नव्वद वर्षांनंतरहि त्यांच्या रक्तांत त्या विषाणूस ओळखणारीं प्रतिद्रव्यें सांपडलीं. आणि पुढच्याच वर्षीं, २००९ च्या साथींत, एक विलक्षण प्रकार घडला. इन्फ्लुएंझा एरवीं म्हाताऱ्यांचा काळ. पण ह्या खेपेस म्हातारीं माणसें मानानें कमी सांपडलीं व तरुण अधिक. कारण १९१८ च्या विषाणूचा वंश १९५७ पर्यंत माणसांत वावरत होता, आणि २००९ च्या विषाणूची खूण त्याच्या खुणेशीं मिळतीजुळती होती. ज्यांनीं जुना पाठ लहानपणीं वाचला होता त्यांना नवी पोथी अर्धी ओळखीची वाटली.

मात्र हीच स्मृति कधीं कधीं आडहि येते. अमेरिकेंतील टॉमस फ्रान्सिस ह्या शास्त्रज्ञानें १९६० सालीं असें दाखविलें कीं, बालपणीं प्रथम जो इन्फ्लुएंझा भेटतो त्याची छाप शरीरावर जन्मभर राहते. पुढें थोडा बदललेला विषाणु आला तर शरीर नवें उत्तर शोधण्याऐवजीं जुन्याच उत्तराची उजळणी करूं पाहतें. प्रश्नपत्रिका नीट न वाचतां गेल्या वर्षींचें पाठ केलेलें उत्तर लिहून मोकळीं होणारीं हुशार मुलें आम्हीं वर्षानुवर्षें पाहिलीं आहेत. तीं नापास होत तीं अज्ञानामुळें नव्हे, पाठांतरामुळें.

आतां आमच्या घरची हकीकत.

दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत पुतणी म्हणाली, "काका, यंदाची लस आली आहे. तुम्ही आणि काकू दोघांनींहि घ्या." काकू म्हणजे आमच्या वडील वहिनी, दादा गेल्यापासून त्या आमच्याच बिऱ्हाडीं असतात. त्यांस तेव्हां एक्यायशींवें लागलेलें. आम्हीं चष्मा न काढतांच म्हटलें, "अग, गेल्या वर्षीं घेतली ना? पाठ झालेला धडा पुन्हां कां गिरवायचा?" तिनें समजावण्याचा प्रयत्न केला; आम्हीं वर्तमानपत्राचें पान उलटलें. वहिनी तांदूळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी घेत नाहींत तर मला तरी कशाला?" पोर धाकटी, गप्प राहिली.

श्रावणांत आम्ही एका स्नेह्यांच्या साठीशांतीस परगांवीं गेलों, व परत आलों तो अंगांत ताप व कोरडा खोकला घेऊनच. चार दिवस पडून होतों. आल्या-तुळशीचा काढा वहिनी स्वतः करून आमच्या उशापाशीं आणून देत. पांचव्या दिवशीं आम्ही उठून बसलों, आणि त्याच रात्रीं त्या निजल्या. "जरा कणकण आहे, भाऊजी," एवढेंच त्या म्हणाल्या. तिसऱ्या रात्रीं त्यांस श्वास पुरेना. इस्पितळांत तपासणी झाली. इन्फ्लुएंझाच होता, व फुप्फुसांत न्युमोनिया उतरला होता. अकरा दिवसांनीं त्या घरीं आल्या. त्या आल्या हें ईश्वराचें देणें. परंतु ज्या पूर्वीं पहांटे एकट्या उठून सडा घालीत, त्या आतां नातसुनेचा हात धरून तुळशीपर्यंत जातात, व परत येतांना ओसरीच्या खांबापाशीं थांबतात.

आम्हीं पुतणीला विचारलें, "आम्हीं लस घेतली असती तर हें टळलें असतें का?" आमच्या समाधानासाठीं ती खोटें बोलली नाहीं. ती म्हणाली, "काका, तें कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं. लस व साथीचा विषाणु चांगले जुळतात त्या वर्षीं सर्व वयांच्या लोकांत मिळून आजाराचा धोका शेंकडा चाळीस ते साठ इतका घटतो. म्हाताऱ्या शरीराचा प्रतिसाद मंद असतो, म्हणून त्यांस लाभ थोडा कमी. पण आजार झालाच तर तो सौम्य होण्याचा संभव असतो. आणि घरांतील बाकीच्यांनीं घेतली तर म्हाताऱ्या माणसापर्यंत तो पोंचण्याची वाटच अरुंद होते." हें शेवटचें वाक्य आमच्या मनांत रुतून राहिलें आहे. ती वाट आम्हींच रुंद केली होती.

वहिनींनीं दोषाचा एक शब्दहि काढला नाहीं. फक्त एकदां, पोथी वाचून झाल्यावर, त्या सहज म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर मीं कधीं शंका घेतली नाहीं हो, भाऊजी." त्यांनीं तें कौतुकानें म्हटलें होतें. आम्हांस मात्र मान वर करवेना. घरांतील वडील माणसाच्या शब्दाला वजन असतें, म्हणूनच तो शब्द गेल्या वर्षींचा आहे कीं यंदाचा, हें त्यानें बोलण्यापूर्वीं पाहिलें पाहिजे.

पत्रलेखिका भगिनींच्या सासऱ्यांस आमचें उत्तर येणेंप्रमाणें. लस कच्ची नाहीं, व शरीर विसराळू नाहीं. प्रश्नपत्रिका बदलते. टोचलेल्या लशीचा जोर कांहीं महिन्यांत ओसरूं लागतो, हें एक कारण. आणि विषाणूचा पाठ बदलतो, हें दुसरें. त्या बदलावर जगभर नजर ठेवणारें जाळें जागतिक आरोग्य संघटनेनें १९५२ सालापासून विणलें आहे. योगायोगानें त्याच सालीं पुण्यांत विषाणु संशोधन केंद्र स्थापन झालें. तीच आजची राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्था, व ती ह्या कामांत सहभागी आहे. ठिकठिकाणचे विषाणु तपासून वर्षांतून दोनदां, फेब्रुवारींत व सप्टेंबरांत, तज्ज्ञ बसतात आणि पुढील हंगामाच्या लशींत कोणते पाठ घ्यावे हें ठरवितात. तो अंदाजच असतो; कधीं थोडा हुकतो. परंतु नव्या खुणेची ओळख शरीराला आधीं करून दिली तर गांठींतली ती परीक्षा रोग येण्यापूर्वींच होऊन जाते, आणि तीहि जिवावर न बेततां.

आपल्या प्रांतीं इन्फ्लुएंझा बहुधा पावसाळ्यांत जोर करतो, व पुन्हां हिंवाळ्याच्या अखेरीस डोकें वर काढतो. म्हणून पावसापूर्वीं घरच्या डॉक्टरांस विचारून घ्यावें. ज्यांस कांहीं विशेष व्याधि आहे किंवा पूर्वीं लशीचा त्रास झाला आहे त्यांनीं तें आधीं सांगावें. सहा महिन्यांच्या आंतील मुलांस ही लस देतां येत नाहीं. त्यांचें रक्षण आईच्या गर्भांतून मिळालेल्या प्रतिद्रव्यांनीं, तिच्या दुधानें, व घरांतील इतरांच्या काळजीनें व्हावयाचें. म्हणून गरोदर सुनांविषयीं डॉक्टरांशीं अगत्य बोलावें. चार पिढ्या एकत्र नांदतात त्या घरीं सर्वांत दुबळीं माणसें दोन टोकांस असतात, पाळण्यांत व अंथरुणावर. मधल्यांनीं सुई घ्यावयाची ती केवळ स्वतःसाठीं नव्हे.

यंदा अक्षय्यतृतीयेनंतर आम्ही सारींजणें एकाच सकाळीं दवाखान्यांत जाऊन आलों. वहिनींना खुर्चींत बसवून नेलें. रांगेंत पहिले आम्ही होतों. दंडावर कापूस दाबून आम्ही बाजूस झालों तेव्हां वहिनींनीं विचारलें, "फार दुखतें का हो, भाऊजी?"

आम्हीं म्हटलें, "नाहीं, वहिनी. कांहींच नाहीं." आणि त्यांनीं पदर सारून दंड पुढें केला.